‘आई, युद्ध आपल्याकडे येणार का?’: लहान मुलांशी युद्धाबद्दल बोलताना

८ मे २०२५च्या रात्री धरमशालेतला आयपीएलचा सामना मध्येच थांबला. मैदानावरचे दिवे विझले, प्रेक्षकांना बाहेर काढलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी अख्खी स्पर्धाच आठवडाभरासाठी स्थगित झाली. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांपर्यंत भारत-पाकिस्तान संघर्ष पोहोचला तो असा. पहलगाम, ड्रोन, ऑपरेशन सिंदूर हे शब्द त्याआधीपासून घरात फिरत होतेच. शाळांना सुट्टी होती, टीव्ही दिवसभर सुरू होता आणि मोठी माणसं मुलांना ‘जा, तू खेळ जा’ म्हणत टीव्हीचा आवाज वाढवत होती. ‘मॅच का थांबली?’ या प्रश्नाने मात्र त्यांना गाठलंच.

तो संघर्ष चार दिवसांत थांबला. युद्धाच्या बातम्या थांबल्या नाहीत. युक्रेन २०२२ पासून, गाझा २०२३ पासून, मग जून २०२५मध्ये इराण आणि इस्रायल. चार ते दहा वर्षांचं मूल घरात असेल तर युद्धाबद्दलचा प्रश्न तुमच्यापर्यंत आज ना उद्या येणारच, आणि बहुतेक वेळा तुम्ही पोळ्या लाटत असताना किंवा गाडी चालवत असताना येणार. त्या वेळी काय बोलायचं, आणि तेच का, हे इथे सांगायचा प्रयत्न आहे.

मुलाला नेमकं काय विचारायचं असतं?

‘बाबा, युद्ध का होतं?’ असं मुलाने विचारलं की आपण फाळणीपासून सुरुवात करतो. मुलाला बहुतेक वेळा इतिहास नको असतो. त्याच्या प्रश्नाच्या पोटात दुसरेच प्रश्न असतात. ते इथे येईल का? तुम्ही माझ्याजवळ असाल ना? उद्या मामाच्या गावाला जायचंय ते जायचंय ना?

म्हणून उत्तर देण्याआधी एक छोटा प्रश्न आपण विचारावा: ‘तू काय ऐकलंस, सांग बरं.’ मुलाच्या डोक्यात काय चित्र आहे ते त्यातून दिसतं आणि ते आपल्या अंदाजापेक्षा खूप वेगळं निघू शकतं. आपल्याकडच्या पाच वर्षांच्या मुलाने ड्रोन पाहिलेला असतो तो मावशीच्या लग्नात, वरातीवर घिरट्या घालत शूटिंग करणारा. बातम्यांत ‘ड्रोनने हल्ला’ ऐकलं की त्याच्या डोळ्यांसमोर तोच येतो. मग ते मूल खिडकी बंद करायला सांगतं, गच्चीवर जायला नको म्हणतं, आणि आपल्याला वाटतं उगाच हट्ट करतंय. ‘लग्नातला ड्रोन फक्त फोटो काढतो, बातम्यांतला वेगळा असतो आणि तो इथून खूप लांब आहे,’ एवढं सांगितलं की त्याच्यासाठी अर्धा प्रश्न सुटतो. हे कळायला आधी त्याचं ऐकावं लागतं.

वयाप्रमाणे चित्र बदलतं

सहा-सात वर्षांखालच्या मुलांना तीन गोष्टी अवघड जातात. पहिली अंतर. काश्मीर, कीव्ह आणि कोथरूड त्यांच्यासाठी जवळपास सारख्याच अंतरावर असतात. दुसरी मृत्यू. मेलेलं माणूस परत येत नाही, त्याला भूक लागत नाही, दुखत नाही, आणि प्रत्येकजण कधीतरी मरतो, ही समज साधारण पाच ते सातच्या दरम्यान हळूहळू येते. त्याआधी मूल ‘मग ते सैनिककाका घरी कधी येणार?’ असं दहा वेळा विचारू शकतं. त्याला दरवेळी तेच साधं उत्तर द्यावं लागतं. ‘देवाघरी गेले’, ‘झोपले’ असं म्हटलं तर पुढे त्याला झोपायचीच भीती वाटू शकते. ‘वारले, आता ते परत येणार नाहीत’ हे ऐकायला कठोर वाटतं, पण मुलाला ते पेलतं.

तिसरी गोष्ट पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. या वयात मुलाला वाटतं की आपल्या मनातल्या रागाने खरोखर काही घडू शकतं. ‘मी दादाला मर म्हणालो होतो’ हे त्याच्या मनात राहतं आणि बातमीतल्या मृत्यूशी जोडलं जातं. ‘हे तुझ्यामुळे झालेलं नाही’ हे वाक्य आपल्याला अनाठायी वाटलं तरी लहान मुलाला स्पष्टपणे सांगावं.

आठ-नऊच्या पुढे प्रश्न बदलतात. कोण चूक, कोण बरोबर, आधी कोणी सुरू केलं, आपल्याकडे किती विमानं आहेत. या मुलांना नकाशा दाखवावा, तारखा सांगाव्यात आणि ‘हे मला नक्की माहीत नाही, आपण मिळून बघू’ असंही म्हणावं.

टीव्ही बंद करणं पुरेसं आहे का?

पुरेसं नाही, पण सुरुवात तिथूनच करावी. एकच स्फोट वाहिनीवर दिवसात पन्नास वेळा दिसतो. मोठ्यांना तो एक स्फोट असतो. लहान मुलाला दरवेळी नवा स्फोट झाल्यासारखं वाटू शकतं. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर तीन ते पाच दिवसांत केलेल्या देशव्यापी पाहणीत, पालकांच्या सांगण्यानुसार ३५ टक्के मुलांमध्ये ताणाचं किमान एक लक्षण दिसत होतं. ज्या घरांत टीव्हीवर काही बंधन घातलं नव्हतं, तिथे पाहण्याचे तास जितके जास्त तितकी लक्षणं जास्त आढळली. ही मुलं न्यूयॉर्कचीच नव्हती, देशभरातली होती.

आपल्याकडे मे २०२५मध्ये काही वाहिन्यांनी बातम्यांच्या मागे हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. अखेर १० मे रोजी केंद्राच्या नागरी संरक्षण महासंचालनालयाला सर्व माध्यमांना सूचना काढावी लागली, की जनजागृतीच्या कार्यक्रमांखेरीज हा आवाज वापरू नका. खरा भोंगा वाजला तर लोकांना तो खोटा वाटेल, ही भीती त्यामागे होती. मला त्या सूचनेत मुलांचाही विचार दिसतो. जेवणाच्या ताटासमोर तासन्‌तास तो आवाज ऐकलेल्या मुलाची रात्रीची झोप उडाली तर त्यात नवल काय? बातम्या मोठ्यांनी वाचाव्यात, किंवा मुलं झोपल्यावर बघाव्यात. मुलांना बातमी आपल्या तोंडून कळावी.

‘इतकी लहान आहेत, कशाला सांगायचं?’

हा आक्षेप मायेपोटी येतो. पण मुलांना ते कळतंच, फक्त आपल्याकडून नाही. शाळेच्या व्हॅनमध्ये, सोसायटीच्या जिन्यात, मोठ्या भावंडाच्या रील्समध्ये, आजोबांच्या फोनवर मोठ्याने लागलेल्या व्हिडिओत. घरात कोणीच बोलत नसेल तर मूल एवढंच ताडतं की हा विषय इतका भयंकर आहे की आईसुद्धा त्याबद्दल बोलत नाही. पुढचं चित्र ते स्वतःच रंगवतं, आणि ते खऱ्यापेक्षा भीषण असू शकतं.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी मनोविश्लेषकांनी तिथे लहान मुलांसाठी पाळणाघरं चालवली आणि मुलांचं रोजचं वागणं बारकाईने नोंदवून ठेवलं. त्यांचं एक निरीक्षण आजही उपयोगी आहे. आईजवळ राहिलेल्या आणि ज्यांची आई शांत राहू शकली अशा लहानग्यांनी बॉम्बहल्ले बऱ्यापैकी सोसले. सुरक्षित ठिकाणी पाठवलेल्या, पण आईपासून तुटलेल्या मुलांना जास्त त्रास झाला. सप्टेंबर १९३९मध्ये ब्रिटनने पहिल्या काही दिवसांतच सुमारे १५ लाख लोकांना शहरांबाहेर हलवलं होतं, त्यांत निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं होती. बॉम्बपासून वाचवायचा तो निर्णय समजण्यासारखा होता, पण लहान मूल धोका मोजतं ते जवळच्या माणसाच्या चेहऱ्यावरून, हे या दोघींना तिथे दिसलं.

आपल्या दृष्टीने याचा अर्थ असा, की तुम्ही नेमके कोणते शब्द वापरले यापेक्षा ते बोलताना तुमचा आवाज कसा होता हे मुलाला जास्त कळतं. स्वतः घाबरलेले असाल तर आधी पाणी प्या, कोणाशी तरी बोला आणि मग मुलाजवळ बसा.

मग सांगायचं काय?

थोडं आणि खरं. पाच वर्षांच्या मुलाशी बोलणं साधारण असं होईल:

‘आई, युद्ध आपल्याकडे येणार का?’
‘ये, इथे बस. तू काय ऐकलंस?’
‘चिनू म्हणाला बॉम्ब पडणार.’
‘अच्छा. दोन देशांमध्ये भांडण झालंय आणि तिथे लढाई चालू आहे. ती इथून खूप लांब आहे. इथे आत्ता काही झालेलं नाही. आपलं सैन्य लक्ष ठेवून आहे, आणि काही करायची गरज पडली तर मी, बाबा आणि आजी तुला सांगू. तू एकटा नसशील.’
‘मग मी सायकल खेळू?’
‘खेळ की.’

एवढंच. मूल सायकलकडे वळलं म्हणजे त्याला विषय कळला नाही असं नाही. त्याला पेललं तेवढं घेऊन ते गेलं. उरलेलं ते रात्री झोपताना किंवा तीन दिवसांनी अंघोळीच्या वेळी विचारेल.

‘आपल्याकडे कधीच काही होणार नाही, शप्पथ’ हे मात्र सांगू नका. धीर द्यायला ते सोपं वाटतं, पण उद्या सरावाचा भोंगा वाजला की आपला शब्द खोटा ठरतो आणि पुढचा धीर मुलाला पटत नाही. ‘इथे आत्ता काही झालेलं नाही आणि आम्ही तुझ्याबरोबर आहोत’ हे खरं आहे, आणि परिस्थिती बदलली तरी त्यातलं दुसरं अर्धं खरंच राहतं.

भोंगा वाजला तर

७ मे २०२५ रोजी मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, तारापूर, उरण अशा ठिकाणी मॉक ड्रिल झालं. मॉक ड्रिल म्हणजे संकट आलं तर काय करायचं याचा खोटाखोटा सराव. मुलांना हा शब्द शाळेतल्या आगीच्या सरावामुळे ओळखीचा असतो, त्यामुळे समजावणं सोपं जातं. खाली-वर होणारा आवाज म्हणजे ‘आत जा’, एकसलग आवाज म्हणजे ‘संपलं, बाहेर या’. हा फरक तोंडाने आवाज काढून दाखवा. मुलं पाचव्या मिनिटाला स्वतः भोंगा वाजवत घरभर फिरतील. फिरू द्या. जो आवाज आपण स्वतः काढू शकतो त्याची भीती कमी होते.

घरात सत्तरीच्या पुढचे आजी-आजोबा असतील तर त्यांना १९७१ची मुंबई विचारा. खिडक्यांच्या काचांना चिकटवलेले काळे कागद, मोटारींच्या दिव्यांवर फासलेला काळा रंग, ‘दिवा घालवा’ म्हणून खालून ओरडणारे लोक. ज्या माणसाने ते पाहिलं ते आज समोर बसून चहात खारी बुडवतंय, हे मुलाला दिसतं. आजोबांना एकच विनंती करावी: पराक्रम तिखटमीठ लावून सांगू नका, तेव्हा तुम्ही मुलं काय करायचात ते सांगा.

‘मग शौर्याच्या गोष्टी सांगायच्याच नाहीत का?’

सांगायच्या. मराठी मुलाची युद्धाशी पहिली ओळख दिवाळीच्या किल्ल्यावर होते. विटा, गोणपाट, चिखल, त्यावर उगवलेले हळीव आणि मोहरी, बुरुजावर तोफ, दाराशी भालदार. चौथीत इतिहासाचं पुस्तक हाती येतं ते शिवाजी महाराजांचं. या गोष्टींनी मुलांना धैर्य, निष्ठा आणि चातुर्य दिलं आहे, आणि त्या काढून घेतल्या तर त्यांच्या हाती उरतील मोबाइलवरचे गोळीबाराचे खेळ.

अडचण होते ती मूल या गोष्टींतलं युद्ध आणि बातम्यांतलं युद्ध एकच समजतं तेव्हा. किल्ल्यावरचा मावळा पडला तर उचलून पुन्हा उभा करता येतो. म्हणून गोष्टीला माणसं जोडावीत. किल्ल्याच्या पायथ्याशी विहीर, शेतकरी, बैलगाडी आणि कुंभार आपण मांडतोच. त्यांच्याबद्दल विचारा: लढाई सुरू झाली की या कुंभाराचं काय होत असेल?

इथे १६७३च्या एका पत्राची गोष्ट फार कामाला येते. चिपळूण भागात छावणी करून राहिलेल्या आपल्या लष्कराला महाराजांनी ते लिहिलं. दाणागोटा पावसाळाभर पुरवून वापरा. तो संपला आणि तुम्ही कुणब्यांच्या घरचं धान्य, भाकरी, गवत, लाकूडफाटा, भाजी उचलू लागलात, तर लोकांना वाटेल की याहून मोगल बरे. रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. नऊ वर्षांच्या मुलाला ही उंदराची वात कायमची लक्षात राहते, आणि त्याबरोबर हेही की लढणाऱ्यांनाही नियम असतात आणि न लढणाऱ्या माणसांना जपायचं असतं. १९४९च्या जिनिव्हा करारांत आज जगाने हेच लिहून ठेवलं आहे: जखमी, कैदी, सामान्य नागरिक, दवाखाने यांच्यावर हल्ला करायचा नाही. ते नियम अनेकदा मोडले जातात, हेही मोठ्या मुलांना सांगावं.

‘शत्रू वाईट आहे हे सांगायला नको?’

गुन्हा करणाऱ्याला गुन्हेगार म्हणायचंच. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली. त्यांतली सहा महाराष्ट्रातली होती, डोंबिवली, पुणे आणि पनवेलची. डोंबिवलीतल्या मुलांसाठी ही लांबची बातमी नव्हतीच. तिथल्या पालकांना ‘ज्यांनी मारलं ते दहशतवादी होते, त्यांनी केलं ते फार वाईट होतं’ असं सरळ सांगावंच लागलं असेल, आणि ते बरोबरच आहे.

त्याच २६ जणांमध्ये एक स्थानिक काश्मिरी मुसलमान घोडेवाला होता. पर्यटकांना वाचवायला तो हल्लेखोरांना भिडला आणि मारला गेला. हेही त्याच श्वासात सांगायला हवं. कारण मूल घरातला शब्द उचलतं आणि वर्गात नेऊन ठेवतं. ‘ते लोक’ असं आपण जेवताना म्हणालो, की दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाकावरच्या आयेशाला किंवा इरफानला कोणीतरी ‘जा पाकिस्तानात’ म्हणतं. ते म्हणणारं मूल दुष्ट नसतं, त्याने फक्त आपलं वाक्य पुरं केलेलं असतं. त्या हल्ल्यात लग्नानंतर काही दिवसांतच नवरा गमावलेल्या एका तरुणीने न्याय मागताना ‘मुसलमानांचा, काश्मिरींचा द्वेष करू नका’ असं जाहीरपणे सांगितलं होतं. तिला समाजमाध्यमांवर किती वाईट बोलले लोक! एवढ्या दुःखात तिला जे जमलं ते आपल्याला मुलांपुढे जमायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मोठ्या मुलांना सीमेपलीकडेही शाळा आहेत, हे सांगताना कचरू नये. मे २०२५च्या त्या दिवसांत आपल्या जम्मू-काश्मीरमधल्या पुंछमध्ये तोफगोळ्यांनी शाळकरी मुलं गेली. तोफगोळ्याला वय कळत नाही, हे दहा वर्षांच्या मुलाला समजतं.

थांबलं म्हणजे संपलं का?

१० मेच्या संध्याकाळी शस्त्रसंधी झाली. शस्त्रसंधी म्हणजे दोन्ही बाजूंनी गोळीबार थांबवायचं ठरवणं. मुलांना हे समजवायला त्यांच्याकडे तयार शब्द आहे: टाइमप्लीज. लपाछपीत किंवा पकडापकडीत कोणी ‘टाइमप्लीज’ म्हणालं की सगळे जागच्या जागी थांबतात. भांडण मिटलेलं नसतं, कोण आउट हे ठरलेलं नसतं, पण त्या वेळात कोणी कोणाला पकडत नाही आणि बोलता येतं.

टाइमप्लीज म्हणालं कोण, हेही मुलं विचारतात. दोन्ही देशांच्या सैन्यांत लष्करी कारवायांचे महासंचालक म्हणून एकेक अधिकारी असतो आणि त्यांच्यात थेट फोनची सोय आहे. त्या दिवशी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या अधिकाऱ्याने आपल्या अधिकाऱ्याला फोन केला आणि संध्याकाळी ५ पासून थांबायचं ठरलं, असं आपल्या परराष्ट्र सचिवांनी जाहीर केलं. इतकी मोठी गोष्ट फोनवर बोलून थांबू शकते, याचं मुलांना फार आश्चर्य वाटतं आणि दिलासाही.

शांतता म्हणजे पांढरं कबूतर, असं मुलं चित्रकलेच्या तासाला शिकतात. प्रत्यक्षात तिच्यासाठी बरंच कंटाळवाणं काम करावं लागतं. भारत आणि पाकिस्तान १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, म्हणजे त्यांच्यावर कोणी हल्ला करायचा नाही. वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैला, एकमेकांच्या तुरुंगातल्या कैद्यांची आणि मच्छीमारांची यादी दिली जाते. समुद्रात रेघ आखलेली नसते. पालघर जिल्ह्यातले खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात, बोट पलीकडे जाते आणि ते पकडले जातात. डहाणू-तलासरीकडच्या घरांत त्या यादीतल्या एका नावाची वाट बघणारी मुलं असतात. दहा वर्षांच्या मुलाला कबुतरापेक्षा ही यादी शांततेबद्दल जास्त सांगते.

बाबाच तिकडे असतील तर

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथल्या ४६ जणांनी पहिल्या महायुद्धात प्राण दिले, किंवा कुठल्याही फौजी घरात ‘लांब आहे’ हे उत्तर चालत नाही. तिथे दिनक्रम हाच आधार. जेवणाची वेळ, शुभंकरोति, शाळा ठरल्याप्रमाणे. फोन येणार नसेल तर ‘येईल’ म्हणू नये. ‘बाबांना फोन करता येत नाही अशा ठिकाणी ते आहेत, करता आला की करतील’ म्हणावं. आखातात कामाला असलेल्यांच्या घरीही हेच.

कधी काळजी करायची?

बॉम्बबॉम्ब खेळणं, रणगाडे काढणं, सैनिक होणं यात काही बिघडलेलं नसतं. मुलं भीती खेळूनच पचवतात. खेळ दिवसेंदिवस तसाच अडकून राहिला, दरवेळी सगळे मरूनच संपत असला, तर आपण खाली बसावं आणि एक अ‍ॅम्ब्युलन्स आणावी, डॉक्टर व्हावं. बहुतेक वेळा मूल ती गाडी लगेच चालवायला घेतं.

काही आठवडे उलटूनही मूल अंथरुणात शू करत असेल, रात्री दचकून उठत असेल, डॉक्टरांना काही सापडत नसताना रोज पोट दुखतं म्हणत असेल, तुम्हाला क्षणभर सोडत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांशी किंवा समुपदेशकाशी बोला. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या फोनसेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. आधी तुम्हीच बोललात तरी चालतं.